बंदुकीला पट्टा लावला तेव्हा

भाऊंचा हात उठायच्या आधी त्यांचा आवाज खाली यायचा. ते ओरडत असले की आम्ही निर्धास्त असायचो. पण बोलता बोलता आवाज हळू झाला, जवळजवळ प्रेमळ वाटावा इतका, की आई हातातलं काम ठेवून भिंतीकडे सरकायची आणि दादा दाराकडे बघायला लागायचा. भाऊ म्हणजे माझे वडील. राजापूरकडचं गाव सोडून ते सिल्वासाच्या सरकारी शाळेत सुतारकाम शिकवायला आले आणि तिथेच राहिले. शाळेत ते लाकडी पट्टीवर भागवत. घरी जे हाताला लागेल ते. आईच्या डाव्या भुवईवर एक पांढरी रेघ होती, ती पाटाच्या कडेची. दादाच्या पाठीवर काय काय होतं ते आईलाच ठाऊक, कारण तेल लावायची तीच.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. पुढे जाळीची पडवी, मागे ओटा, त्यापलीकडे परसात एक चिकू आणि दोन शेवगे. सकाळी खानवेलची बस कोपऱ्यावर वळताना लांबलचक हॉर्न द्यायची, त्यावर आई चहाचं आधण ठेवी. मग कारखान्याचा भोंगा. मग मागच्या ओट्यावरून पटाशीला धार लावल्याचा आवाज, दगडावर पाणी शिंपडून, सावकाश, एका लयीत. तो आवाज आला की आईच्या खांद्यातला ताण उतरायचा. ओट्यावर भाऊंचं सुतारकामाचं मेज होतं आणि त्या मेजाशी असताना त्यांनी कधी कोणाला मारलं नाही. आमच्याकडे कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, नागलीची भाकरी असायची. रविवारी दमणकडून येणाऱ्या बायकांकडचे बोंबील. भाऊ जेवताना बोलत नसत. ताटात मीठ कमी पडलं तरी बोलत नसत, ताट उचलून भिंतीवर मारत. भिंतीवरचा पिवळा डाग आई चुन्याने झाकायची आणि तो महिन्याभरात पुन्हा दिसायला लागायचा.

मला मार सगळ्यांत कमी बसला, कारण माझ्या हाताला लाकूड कळत होतं. नवव्या-दहाव्या वर्षापासून मी त्या मेजाशी उभी राहायचे. रंधा कुठल्या बाजूने ओढायचा, रेषा कुठे वळते, ओलं लाकूड कसं ओळखायचं, हे भाऊंनी मला न चिडता शिकवलं. चुकले तर माझा हात हातात धरून पुन्हा करवून घेत. दादाला, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या मधूला, मात्र हातोडी धरली की घाम फुटायचा. तो मॅट्रिकला दोनदा बसला आणि मग खडोलीतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात माल भरायला लागला. भाऊ त्याला नावाने हाक मारत नसत. 'तो' म्हणत. 'त्याला सांग, पाणी भर.'

छऱ्याची बंदूक भाऊंनी आणली ती वांदरांसाठी. काळतोंडी वांदरं शेवग्याचा फुलोरा ओरबाडायची, कच्चे चिकू तोडून फेकायची. सुरुवातीला भाऊ नुसता बार काढून त्यांना पळवत. मग नेम धरायला लागले. एकदा एका मादीच्या डोळ्याखाली छरा लागला. ती पळाली नाही. कुंपणाच्या भिंतीवर बसून राहिली आणि हाताने गाल पुसून तो हात स्वतःच पुन्हा पुन्हा बघत राहिली. भाऊंनी दुसरा छरा भरला. आई आतून म्हणाली, "अहो, पुरे." ते थांबले नाहीत. मी ते बघत होते आणि सांगायला लाज वाटते, पण माझं लक्ष त्या मादीइतकंच भाऊंच्या डाव्या कोपराकडे होतं. तो बरगडीला टेकलेला होता. तसा टेकला की नळी हलत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

पुढे त्यांना शिकारीची चटक लागली. रविवारी शाळेतल्या दोघा सहकाऱ्यांबरोबर सायकलने खानवेलच्या बाजूला जायचं, जंगलातून होले, तित्तिर मारून आणायचे. तेव्हा तिथे कोणी विचारत नसे. पण सायकलवर बंदूक एका हातात धरून चालवणं जमेना. तिला खांद्यावर टांगायला पट्टा हवा होता, आणि पट्टा अडकवायला दस्त्यात दोन स्टड. स्टड म्हणजे मान बारीक, डोकं गोल आणि डोक्याला आरपार भोक असलेला स्क्रू. त्या भोकात पट्ट्याची कडी अडकते. बाजारात मिळेनात. तेव्हा शेजारचे भिकनभाऊ म्हणाले, "मास्तर, लेथवर धा मिनटाचं काम शे. मी करी देतो ना."

भिकनभाऊ धुळ्याकडचे. खडोलीच्याच एका कारखान्यात लेथ चालवायचे. बायको-मुलं गावाला, इथे एकटेच. बोलण्यात निम्मं खानदेशी, निम्मं हिंदी-गुजराती. दादाला कारखान्यात त्यांनीच चिकटवलं होतं. आमच्या घरातले आवाज भिंतीपलीकडे त्यांना ऐकू जात आणि दुसऱ्या दिवशी ते आईकडे न बघता भाजीची जुडी ओट्यावर ठेवून जात. त्यांनी स्क्रॅपमधल्या पितळेच्या कांडीतून दोन स्टड कातून आणले. इतके सुबक, की भाऊंनी ते बोटांत फिरवून बघितले आणि म्हणाले, "वा." त्यांच्या तोंडून 'वा' मी आयुष्यात चार-पाच वेळाच ऐकलं असेन. पट्टा बाजारातल्या चांभाराने शिवून दिला, जाड चामड्याचा, दोन बोटं रुंद, दोन्ही टोकांना लोखंडी कड्या.

मला वाटलं, आता मेजाशी मला बोलावतील. शनिवारची दुपार होती, शाळा सकाळची होऊन गेली होती, भिकनभाऊंना सुट्टी होती म्हणून तेही स्टड बसताना बघायला परसात आले होते, दादाचीही पाळी नव्हती. भाऊंनी बंदूक मेजावर आडवी ठेवली, शेजारी भोक पाडायचं गिरमिट ठेवलं आणि दादाकडे बोट केलं. "हा करील. एकोणीस वर्षांचा घोडा झालाय. बघू दे भिकनला, त्यानं कोणाला नोकरी लावली ती."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली. त्या बंदुकीचा दस्ता पुढे पोकळ होता. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, छरा भरायचा, तर नळीबरोबर एक दांडा मागे सरकतो. त्या दांड्यासाठी दस्त्याच्या पोटात लांब खाच असते. पुढच्या स्टडला तिथे मधोमध लाकूडच नाही, दोन्ही बाजूंना करंगळीएवढ्या भिंती. मला ते माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर दादा थांबला असता. मी बोलले नाही, कारण ते काम मला हवं होतं आणि ते मला दिलं नव्हतं. दादाने गिरमिट टेकवलं, मूठ फिरवली. दोन वळसे नीट गेले, तिसऱ्याला टोक खाचेत घसरलं आणि कडेचं लाकूड बोटभर चिरत गेलं. आवाज अगदी बारीक झाला, वाळलेली शेंग फुटल्यासारखा.

भाऊ हळू आवाजात म्हणाले, "बघू."

दादाने बंदूक पुढे केली. भाऊंनी ती घेतली, चीर बोटाने चाचपली, बंदूक मेजावर नीट ठेवली. मग दादाला दंडाला धरून ओट्याच्या पायऱ्या उतरवून परसात नेलं. नवा पट्टा त्यांच्या दुसऱ्या हातात होता. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा मानेवर. तिसऱ्या वेळी पट्टा उलटा झाला आणि कडीचं टोक पुढे आलं. दादाच्या उजव्या कानाची पाळी फाटली. रक्त मानेवरून सदऱ्यात गेलं. तो ओरडला नाही, नुसता हात कानावर धरून खाली बसला, आणि भाऊ त्याच्या हातावर मारत राहिले. भिकनभाऊ मध्ये पडले. "मास्तर, बस करा! मरी जाईल ना पोरगं!" भाऊंनी त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून असं ढकललं की ते शेवग्याच्या बुंध्यावर आपटले. ते उठले, धूळ झटकली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि कुंपणाच्या फटीतून आपल्या घरी गेले.

दम लागल्यावर भाऊ ओट्यावर आले. हात धुतले, पट्टा ओल्या फडक्याने पुसला. "शालू," ते म्हणाले, "आता तू कर."

मी केलं. आई आत दादाच्या कानावर हळद दाबत होती, त्याचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मी मेजाशी उभी राहून दस्त्याच्या चिरेत काडीने सरस भरत होते. हे लिहिताना पेन थांबतो. पण खरं तेच लिहायचं म्हणून बसले आहे. त्या दुपारी मी सुखात होते. भाऊ शेजारी उभे होते, अंगाला लाकडाच्या भुशाचा आणि घामाचा वास, आणि ते मला सांगत होते, की मागचा स्टड दस्त्याच्या टोकापासून चार बोटं आत घे, मध्यरेषा आधी पेन्सिलीने आख, खिळ्याने ठिपका पाड म्हणजे गिरमिट पळणार नाही. गिरमिटाला मी दोरा गुंडाळला, जेवढं खोल जायचं तेवढ्या अंतरावर. भोक स्टडच्या आट्यांपेक्षा बारीक पाडलं. आट्यांना मेणबत्ती घासली, डोक्याच्या भोकात खिळा घालून स्टड फिरवला. तो घट्ट होत गेला, शेवटच्या वळशाला लाकडाने 'कुई' केलं आणि तो बसला. पुढच्यासाठी मी म्हटलं, "भाऊ, लाकडात नको. नळीलाच पितळेची पट्टी आवळू आणि स्टड तिच्यात बसवू." त्यांनी नळी हातात घेऊन बघितली. "हे आधी का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं. मी नळीवर पट्टीची जागा आखायला लागले. त्यांनीही परत विचारलं नाही. आम्हा दोघांनाही उत्तर कळलं होतं असं मला आज वाटतं.

पितळी पट्टी भाऊंनी शाळेच्या वर्कशॉपमध्ये वाकवून आणली. पट्टा लावताना त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. नळीला अडकवलेला पट्टा आखूड ठेवला तर नळी मोडता येत नाही. म्हणून तो सैल ठेवायचा आणि नेम धरताना डाव्या कोपराखालून एक वेढा घ्यायचा. वेढा ताणला की बंदूक खांद्यात रुतते आणि हात थरथरत नाही. त्यांनी मला अंगणात उभं करून चुन्याच्या ठिपक्यावर नेम धरायला लावला. दहातले सात छरे ठिपक्यात गेले. जाळीआडून दादा बघत होता, कानाला फडकं बांधलेलं.

तोपर्यंत बंदूक कपाटात कुलपात असायची. पट्टा लागल्यावर भाऊ ती पडवीच्या खुंटीला टांगायला लागले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. छऱ्यांचा डबा वरच्या फळीवर.

तीनेक आठवड्यांनी, एका रविवारी भर दुपारी, भाऊ खानवेलहून रिकाम्या हाताने परतले. बंदूक खुंटीला टांगली, हातपाय धुतले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांना दादाची ट्रंक दिसली नाही. दादा सकाळीच वापीला निघून गेला होता. भिकनभाऊंच्या ओळखीने तिथे काम मिळालं होतं, राहायची सोय होती. मला काहीच सांगितलं नव्हतं. आईला माहीत होतं. तिने त्याला चार भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. नंतर मला समजलं, मला न सांगण्याबद्दल त्याने आईला बजावलं होतं. 'शालू भाऊंची आहे,' असं म्हणाला होता.

मी स्वयंपाकघरात बोंबील तळत होते. भाऊंचा आवाज आला, हळू. "कुठं गेलाय तो?"

"मला काय माहीत," आई म्हणाली.

"ट्रंक घेऊन घरातून गेला नि तुला माहीत नाय?"

मग पहिला आवाज झाला. मी तवा उतरवून बाहेर आले तेव्हा पडवी आणि खोली यांमधल्या चौकटीशी ते दोघं होते. भाऊंनी आईचे केस उजव्या मुठीला गुंडाळले होते आणि तिचं डोकं चौकटीवर आपटत होते. एक प्रश्न, एक आपट. "कुठं पाठवलास?" आपट. "कोणी नेलान त्याला?" आपट. आईच्या कानातून रक्त येत होतं. ती ओरडत नव्हती. तिचे डोळे उघडे होते पण कुठेच बघत नव्हते, आणि तेच मला सहन झालं नाही.

"भाऊ, सोडा तिला."

त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी कोपर मागे मारलं, माझा ओठ फुटला, मी पडवीत पडले. माझ्या डोक्यावरच खुंटी होती.

लोक म्हणतात, रागाच्या भरात हातून होतं. माझ्या हातून तसं झालं नाही. छऱ्याची बंदूक रागाच्या भरात चालत नाही. मी ती खाली काढली. डबा उघडला, एक छरा घेतला. नळी मोडायला मला दोन्ही हात आणि गुडघा लागायचा. मी ती मोडली, स्प्रिंग कडाडली, छरा बसवला, नळी बंद केली. इतका वेळ मला होता. डाव्या कोपराखालून पट्ट्याचा वेढा घेतला. भाऊंनी तो कडाका ऐकून मान वळवली. आम्हा दोघांत चार पावलांचं अंतर होतं. त्यांची मूठ आईच्या कानाला टेकलेली होती. दोन बोटं इकडे झालं तर छरा आईच्या डोळ्यात जाणार होता.

भाऊ हसले नाहीत, घाबरले नाहीत. मेजाशी असायचे त्या आवाजात म्हणाले, "हात हलतोय तुझा."

खरंच हलत होता. मी वेढा ताणला. कोपर बरगडीला टेकवलं. हात थांबला. आणि त्यांनी, माझ्याकडेच बघत, आईचं डोकं पुन्हा मागे ओढलं. मी चाप दाबला.

छरा मनगटाच्या आतल्या बाजूने, अंगठ्याच्या मुळाशी शिरला आणि आतच राहिला. मूठ आपोआप उघडली. आई खाली बसली. भाऊ दुसऱ्या हाताने मनगट धरून दोन पावलं मागे गेले, पलंगाच्या कडेवर बसले. रक्त फार नव्हतं. ते जखमेकडे बघत होते, लाकडात खिळा मोडून राहिला की बघायचे तसे. "आत राहिलाय," ते म्हणाले.

मी बंदूक टाकली आणि आईकडे धावले. तिने चौकटीला धरून स्वतःला उभं केलं. मला वाटलं ती मला जवळ घेईल. तिने माझ्या थोबाडीत दिली, अशी की मी जाळीवर आपटले. आयुष्यात तिने मला मारलेली ती एकच. "बापावर बंदूक धरतेस?" ती किंचाळली. "बापावर?" आणि पदराने भाऊंचं मनगट बांधायला गेली, स्वतःच्या कानातून रक्त गळत असताना.

आरडाओरडा ऐकून आलेल्या भिकनभाऊंनीच भाऊंना सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, "साफ करताना उडाली. माझीच चूक." भिकनभाऊंनी हे मला परत आल्यावर सांगितलं. "मी काईच बोललो नाही, पोरी," ते म्हणाले. "अन् तू बी बोलू नको." छरा निघाला, पण अंगठ्याची शीर तुटली होती. अंगठा आणि शेजारचं बोट पुन्हा नीट मिटलं नाही. पटाशी त्यांच्या हातात परत कधी आली नाही. शाळेत ते उभे राहून तोंडी शिकवू लागले. ओट्यावरचं मेज पावसात भिजून फुगलं.

त्याच संध्याकाळी आईने बंदुकीचा दस्ता दगडावर आपटून तोडला आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूल पेटली आणि आम्ही सगळ्यांनी त्या पाण्याने अंघोळ केली.

भाऊ सुधारले असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. वर्षभराने त्यांनी आईला डाव्या हाताने मारलं. मी पडवीत येऊन उभी राहिले, हातात काहीच नव्हतं, आणि ते थांबले. त्यानंतर मारलं नाही, निदान माझ्यासमोर नाही. दादा वापीहून सुरतेला गेला. तो घरी आला तो भाऊ गेल्यावरच, आणि आम्ही भावंडं बोलायला लागलो ती त्यानंतर. गिरमिटाच्या त्या दुपारी मी गप्प का राहिले, हे मी त्याला साठी उलटल्यावर सांगितलं. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं." पुढे मीही सुतारकाम शिकवूनच पोट भरलं. मुलींच्या वर्गात पट्टी कधी ठेवली नाही.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते त्या पहिल्या आठवड्यातलं. भाऊंचा उजवा हात बांधलेला, डाव्याने घास होईना. आई भरवायला बसली तर त्यांनी तोंड फिरवलं. "तू नको," म्हणाले. "तिला पाठव." मी ताट घेऊन गेले. मला वाटलं, ताट उडवतील, थुंकतील. ते पलंगाच्या कडेवर बसले होते, दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. मी भात कालवला, घास केला, पुढे धरला. त्यांनी तोंड उघडलं. असं चार दिवस चाललं, दोन्ही वेळा, एक शब्द न बोलता. पाचव्या दिवशी घास ओठाशी नेला तशी त्यांनी मान मागे घेतली. माझा हात थांबला.

"गरम आहे," भाऊ म्हणाले. "फुंकर घाल."

मी फुंकर घातली आणि त्यांना भरवलं.